मग ते जातं कुठे?

बर्फ ओढायचं खोरं विकत घ्यायला आम्ही अमेरिकेतल्या हॅनकॉक गावी एका जुन्या हार्डवेअरच्या दुकानात गेलो होतो. हे खोरं म्हणजे रुंद पत्र्याचं, पुढून उघडं आणि मागे वाकवलेल्या नळीचा दांडा असलेलं एक साधन. तिथले लोक त्याला ‘स्कूप’ म्हणतात. ते उचलायचं नसतं. बर्फाखाली सरकवायचं, अंगाच्या रेट्याने ढकलत न्यायचं आणि कडेला उपडं करायचं. दुकानाचे मालक सत्तरी ओलांडलेले, चेहऱ्याने लालबुंद, बोलायला संथ. त्यांच्या गल्ल्यामागे एक फळा टांगलेला होता आणि त्यावर खडूने एक आकडा लिहिला होता: १६२. मोसमाच्या सुरुवातीपासून पडलेला बर्फ, इंचांत. फेब्रुवारी अजून संपायचा होता. त्यांनी तो आकडा बोटाने दाखवला, तेव्हा त्यांच्या आवाजात घरच्या मुलाचे मार्क सांगावेत तसा अभिमान होता. माझा मुलगा म्हणाला, “माझ्या आईच्या गावी एका पावसाळ्यात एवढा पाऊस पडतो.” त्यांनी चष्मा वर केला. “पाऊस? पाणी? दीडशे इंच पाणी?” मी मान हलवली. ते थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिले आणि मग अगदी मनापासून त्यांनी विचारलं, “मग ते जातं कुठे?”

मी म्हटलं, “समुद्रात.”

“सगळं?”

“सगळं.”

त्यांनी पुढे काही विचारलं नाही. पावती केली, खोरं गाडीपर्यंत आणून दिलं. पण तो प्रश्न माझ्याबरोबर घरी आला आणि मी होटनला होते तोवर वेगवेगळ्या ठिकाणी समोर येऊन उभा राहिला.

मिशिगन राज्याचा वरचा तुकडा नकाशात पाहिला, तर त्यातून एक बोट सुपीरियर सरोवरात वर घुसलेलं दिसतं. तो कीविनॉ द्वीपकल्प. त्याच्या मधोमध एक चिंचोळं पाणी आडवं जातं. त्या पाण्याच्या दक्षिण काठावर होटन, उत्तर काठावर हॅनकॉक, आणि मध्ये १९५९ सालचा दुमजली उचलता पूल. होटनची वस्ती जेमतेम आठ हजार, आणि त्याला लागून जवळपास तेवढेच विद्यार्थी असलेलं मिशिगन टेक विद्यापीठ. पुण्या-मुंबईची, नाशिक-कोल्हापूरची पुष्कळ मुलं या विद्यापीठात येतात, त्यामुळे हे नाव अनेक मराठी घरांत ठाऊक आहे. माझा मुलगा तिथे भूशास्त्रात पीएचडी करतो. मी गेले ती हिवाळ्यात, मुद्दाम. सगळ्यांनी सांगितलं होतं, उन्हाळ्यात जा. पण त्याने फोनवर वर्णन केलेला बर्फ मला बघायचाच होता.

माझं गाव आंबोली घाटाच्या पायथ्याशी, सावंतवाडी तालुक्यात. वर आंबोलीत वर्षाला तीनशे इंचांच्या आसपास पाऊस, खाली आमच्याकडे त्याच्या निम्मा. लहानपणी शाळेच्या अंगणात पर्जन्यमापक होतं. गुरुजी सकाळी ते उघडून बघत आणि दहा वाजेपर्यंत तो आकडा सगळ्या वाडीत पोचलेला असे. आजी दळण घेऊन येणाऱ्या कोणालाही पहिल्यांदा हेच विचारायची, “कितको पडलो?” सरकारने मिलिमीटर आणून किती वर्षं झाली होती, पण वाडीत पाऊस इंचांतच पडायचा. होटनमध्ये पहिल्याच आठवड्यात बसस्टॉपवर, दुकानात, टपाल कचेरीत लोक एकमेकांना विचारताना ऐकले, “रात्री किती पडला?” सहा, आठ, साडेअकरा. आकडा ऐकून समोरचा समाधानाने मान हलवायचा. मला त्या परक्या ठिकाणी पहिल्यांदा घरच्यासारखं वाटलं ते या एका प्रश्नामुळे.

आणि कारणही तेच. मुलाने मला खिडकीजवळ उभं करून दाखवलं. कॅनडाकडून येणारा कोरडा, बोचरा वारा सुपीरियरच्या पाण्यावरून येतो. सरोवर एवढं मोठं की महाराष्ट्राचा पाव भाग त्यात मावेल आणि वर पाणी उरेल. उन्हाळ्यात साठवलेली ऊब ते जानेवारीपर्यंत धरून ठेवतं. थंड वारा त्या उबदार पाण्यावरून वाफ उचलतो आणि द्वीपकल्पाच्या कण्यावर चढतो. कणा किती उंच? सरोवरापासून अडीचशे-तीनशे मीटर. आपल्याकडे त्याला कोणी घाट म्हणणार नाही. पण तेवढी चढणही पुरते, वाफ गोठते आणि बर्फ पडायला लागतो. वादळ नसतं, गडगडाट नसतो. आभाळ राखाडी, आणि त्यातून दिवसचे दिवस बारीक, हलका, जवळपास वजन नसलेला बर्फ उतरत राहतो. अरबी समुद्रावरून येऊन सह्याद्रीला अडलेले ढग मी आयुष्यभर पाहिले. तोच खेळ इथे शून्याखाली चालला होता. सरोवर पूर्ण गोठलं की वाफ मिळत नाही आणि बर्फ कमी होतो. म्हणजे सगळ्यात कडाक्याच्या थंडीत आभाळ मोकळं होतं, ऊन पडतं, आणि त्या उन्हात बाहेर गेलं तर नाकातला श्वास टोचतो. पायाखालचा बर्फ त्या दिवसांत वेगळाच, किंचाळल्यासारखा वाजतो. खोल पाऊल उमटलं की त्या खड्ड्यात निळा रंग दिसतो, फिकट, आतून उजळलेला. तो रंग मी आधी कुठेच पाहिला नव्हता.

होटनमध्ये वर्षाला दोनशे इंचांवर बर्फ पडतो. तिथून उत्तरेला हमरस्ता क्रमांक ४१ ने गेलं, की मोहॉक गावापुढे रस्त्याच्या कडेला बर्फाची मोजपट्टी उभी आहे, तीन मजली घराएवढी उंच. तिच्यावरचा बाण १९७८-७९ च्या हिवाळ्याचा विक्रम दाखवतो: ३९०.४ इंच. दहा मीटरला थोडं कमी. मी खाली उभी राहून वर बघितलं आणि मानेला रग लागली. घरांना दारापासून रस्त्यापर्यंत छपराचे बोळ असतात, छपरं उभ्या उताराची, आणि बर्फाचे ढीग एवढे चढतात की चौकात गाडी दिसावी म्हणून लोक अँटेनावर केशरी झेंडी लावतात. पहाटे चारला बर्फ लोटणारी गाडी येते. तिचा पिवळा दिवा छतावर फिरून जातो आणि लोखंडी पातं रस्त्यावर घासत गेल्याचा आवाज बराच वेळ ऐकू येतो. रात्री रस्त्यावर गाडी ठेवायला हिवाळाभर मनाई. हे सगळं नगरपालिका इतक्या निमूट, इतक्या शिस्तीने करते की मला आमच्या घाटातल्या दरडी आणि त्यांच्यापुढे तासन् तास अडकलेल्या एस्ट्या आठवत राहिल्या.

पण दुकानदारांच्या प्रश्नाचं काय? तिथलं पाणी जात नाही, थांबतं. नोव्हेंबरात पडलेलं एप्रिलपर्यंत अंगणातच असतं, थरावर थर. मग ते हळूहळू सुटतं. आमच्याकडे सप्टेंबर संपला की ओहोळ आक्रसायला लागतात, आणि एप्रिलमध्ये, दीडशे इंच पावसाच्या गावात, आई दोन हंडे घेऊन पऱ्याच्या, म्हणजे ओढ्याच्या, खालच्या झऱ्यावर जायची. वाटीने पाणी भरायची. जांभा दगड पाणी धरत नाही, उतार ते थांबू देत नाही, आणि समुद्र किती जवळ! “सगळं?” असं त्यांनी विचारलं तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे ती वाटी होती.

पहिल्या स्वच्छ रविवारी मुलगा मला कीविनॉतल्याच फीनिक्स नावाच्या खेड्याजवळ घेऊन गेला. रस्त्याच्या एका बाजूला सलग काळा कडा उभा आहे, मैलोन् मैल. खांद्यांवर बर्फ, पण उभ्या भिंतीवर बर्फ टिकत नाही, त्यामुळे दगड उघडा. मी गाडीतून उतरले आणि काही क्षण बोलताच आलं नाही. तो रंग, त्या भेगा, तो थरांचा एकावर एक चढलेला बांधा. मुलगा हसत होता. तो याच क्षणाची वाट बघत असणार. “आई, हा आपलाच दगड. बेसाल्ट.” आपला सह्याद्री साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. हा लाव्हा एकशे दहा कोटी वर्षांपूर्वीचा, उत्तर अमेरिकेचा खंड मधोमध फाटू लागला आणि मग फाटायचा थांबला, तेव्हाचा. त्या कड्याचा थर म्हणजे पृथ्वीवरच्या सर्वांत मोठ्या लाव्हा प्रवाहांपैकी एक. थंड होणाऱ्या लाव्ह्यात वायूचे बुडबुडे अडकतात, दगडात पोकळ्या राहतात, आणि पुढे लाखो वर्षं त्यांतून गरम पाणी झिरपत राहतं. आपल्याकडच्या पोकळ्यांत त्या पाण्याने झिओलाइट आणि गारगोटीचे स्फटिक सोडले, ते नाशिक-पुण्याच्या खाणींत सापडतात आणि जगभरच्या संग्रहालयांत जातात. इथल्या पोकळ्यांत त्याने तांबं सोडलं. संयुग नव्हे, शुद्ध तांबं. वितळवून वेगळं काढायची गरज नसलेलं, हातोड्याने ठोकलं तर वाकणारं.

विद्यापीठाच्या खनिज संग्रहालयात अशा तांब्याचा मोठा तुकडा आहे. मी त्यावर तळवा ठेवला. लहानपणी चिंच आणि मीठ लावून बंब घासायचं काम माझ्याकडे होतं, त्यामुळे तांब्याचा थंडपणा आणि बोटांना राहणारा त्याचा वास मला अंधारातही ओळखता येईल. पण हे भांडं नव्हतं. फांद्या फुटलेलं, वळलेलं, दगडाने जसं घडवलं तसंच राहिलेलं तांबं होतं ते. पोकळीत काय भरलं यावर दोन प्रदेशांचं नशीब ठरलं, असं मनात आलं आणि ते पुढे कित्येक दिवस गेलं नाही. आमच्या कातळात तांबं नव्हतं म्हणून तो शाबूत राहिला आणि माणसं पोट भरायला मुंबईला गेली. यांचा कातळ भरलेला होता म्हणून जगभरची माणसं इथे आली.

पहिल्यांदा तांबं काढलं ते इथल्या मूळ लोकांनी, सात हजार वर्षांपूर्वीपासून. दगडी हातोड्यांनी खोदलेले त्यांचे उथळ खड्डे जंगलात अजून आहेत. पुढे ओजिब्वे लोकांसाठी ते पवित्र होतं. ऑन्टनॅगॉन नदीकाठी दीड टनाहून जड तांब्याचा एक धोंडा होता. तो १८४३ मध्ये उचलून नेला गेला आणि आज वॉशिंग्टनच्या संग्रहालयात आहे. त्याआधी १८४१ मध्ये डग्लस होटन या भूशास्त्रज्ञाने तांब्याविषयीचा आपला अहवाल दिला, १८४२ च्या ला पॉइंट तहाने ओजिब्वेंची जमीन सरकारकडे गेली, आणि माणसांचा लोंढा सुटला. होटन स्वतः १८४५ मध्ये ऑक्टोबरच्या वादळात सुपीरियरमध्ये बुडाला. गावाला त्याचं नाव आहे.

वसंतात हॅनकॉकच्या टेकडीवरची क्विन्सी खाण बघायला गेलो. १८४६ ते १९४५, शंभर वर्षांचा संसार. दुसऱ्या क्रमांकाचं विवर उतारावरून मोजलं तर ९,२६० फूट खोल जातं, म्हणजे पावणेतीन किलोमीटरहून थोडं जास्त. आता खालचे सगळे मजले पाण्याने भरलेले आहेत. वर एका प्रशस्त इमारतीत १९२० सालचं वाफेचं ओढयंत्र आहे, आपल्या जातीतलं जगातलं सर्वांत मोठं. त्याच्या पिंपावर एकावर एक बसलेले दोरखंडाचे खाचे बघताना यंत्राबद्दल आदर वाटतोच. पण डोंगराच्या पोटातल्या बोगद्यात नेऊन वाटाड्याने दिवे मालवले, एक मेणबत्ती पेटवली आणि सांगितलं की इतक्या उजेडात माणसं दहा-दहा तास काम करायची, तेव्हा मी मुलाचा दंड घट्ट धरला. इंग्लंडमधल्या कॉर्नवॉलचे, फिनलंडचे, इटलीचे, क्रोएशियाचे, स्लोव्हेनियाचे. कॉर्नवॉलच्या लोकांनी आणलेली ‘पास्टी’ अजून प्रत्येक गावात मिळते: मांस, बटाटा, कांदा आणि रुटाबागा नावाचा कंद भरलेली, हाताच्या पंजाएवढी करंजी. मसाला म्हणाल तर मिरपूड. बाहेर उणे पंधरा असताना ती दोन्ही हातांत धरली, की तिची ऊब आधी बोटांना मिळते आणि चव नंतर. मला ती आवडली.

तांबं गेलं कुठे, हे तिथे कोणालाही विचारा. तारायंत्राच्या तारांत, विजेच्या तारांत, जहाजांत, युद्धात. १९६८ पर्यंत पन्नास लाख टनांच्या आसपास. नफा बोस्टनला गेला, कारण मोठ्या कंपन्यांचे भागधारक तिथे होते. १९१० च्या जनगणनेत होटन परगण्यात ८८,०९८ माणसं होती. २०२० मध्ये ३७,३६१.

कॅल्यूमेटला जाईपर्यंत हे सगळं मी कुतूहलाने ऐकत होते.

कॅल्यूमेट होटनपासून वीसेक किलोमीटर. लाल वालुकाश्माच्या भक्कम इमारती, १९०० सालचं नाट्यगृह, रुंद रस्ते, आणि त्या रस्त्यांना पुरेशी माणसं नाहीत. एका कोपऱ्यावर मोकळी जागा आहे आणि त्या जागेवर नुसती एक कमान उभी आहे. दगड-विटांची, दाराची. दाराच्या मागे इमारत नाही. हा इटालियन हॉल. १९१३ च्या जुलैत इथल्या खाणींत संप झाला. आठ तासांचा दिवस, तीन डॉलर रोज, युनियनला मान्यता, आणि एक मागणी यंत्राविषयी. आधी दोन माणसं मिळून ड्रिल चालवत, कंपन्यांनी एका माणसाने चालवायचं ड्रिल आणलं. एकट्याने काम करणारा माणूस अंधारात दगडाखाली सापडला तर हाक मारायला जोडीदार नाही. कामगार त्या यंत्राला विधवा करणारं यंत्र म्हणत. संप हिवाळ्यात शिरला. घरात अन्न कमी, बाहेर बर्फ. नाताळच्या आदल्या संध्याकाळी, २४ डिसेंबरला, कामगारांच्या बायकांनी या हॉलच्या वरच्या मजल्यावर मुलांसाठी समारंभ ठेवला. त्यांच्या पुढे होती अ‍ॅना क्लेमेंक, जी मोर्चाच्या अग्रभागी भलामोठा झेंडा घेऊन चालायची. मुलांना खाऊ आणि छोट्या भेटी वाटणं चाललेलं असताना कोणीतरी ओरडलं, आग. आग नव्हती. सगळे जिन्याकडे धावले. त्या जिन्यात ७३ जण गेले, त्यांतली बहुतेक मुलं. कोण ओरडलं हे कधीच सिद्ध झालं नाही. इमारत १९८४ मध्ये पाडली, कमान ठेवली.

मी कमानीसमोर उभी होते आणि मला लालबाग दिसत होतं. माझे वडील लालबागच्या एका गिरणीत कामाला होते, आमच्या वाडीतल्या निम्म्या बाप्यांसारखे. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा मी प्राथमिक शाळेच्या शेवटच्या वर्गात होते. अडीच लाख कामगार. तो संप अधिकृतपणे आजवर कोणी मागे घेतलेला नाही. बाबा वर्षभर वाट बघून एक ट्रंक आणि एक वळकटी घेऊन गावी आले. त्यानंतर त्यांनी मुंबईचं नाव काढलं नाही. भात लावलं, नाचणी केली, आंब्याची कलमं जगवली. फक्त दुपारी तीनच्या सुमारास, पाळी सुटायच्या वेळेला, ते अंगणात येऊन उगाच उभे राहायचे. आमच्याकडे मुलं चेंगरून मेली नाहीत, हे मला माहीत आहे, आणि दोन दुःखं एका तराजूत घालायची माझी इच्छा नाही. पण संप हरलेल्या घरातली शांतता मला ठाऊक आहे. १९१४ च्या एप्रिलमध्ये इथला संप हरला. त्याच वर्षीच्या जानेवारीत डेट्रॉइटमध्ये हेन्री फोर्डने दिवसाला पाच डॉलर जाहीर केले होते, आणि कीविनॉतली पुष्कळ तरुण माणसं तिकडे निघून गेली. बाबांच्या मित्रांपैकी कोणी सुरतेला गेले, कोणी भिवंडीच्या यंत्रमागांवर. माणसं कुठे जातात, याचंही उत्तर सगळीकडे सारखंच असतं. जिथे रोज मिळतो तिथे.

मुलाने विचारलं, “आजोबांनी कधी सांगितलं नाही तुला काही?” मी म्हटलं, “नाही रे. आणि आम्ही विचारलंही नाही, त्यांना त्रास होईल म्हणून.” परतताना गाडीत तो बराच वेळ आजोबांबद्दल विचारत राहिला आणि मला आठवत होतं ते मी सांगत राहिले. जिना, खोली, खानावळ, सुट्टीच्या दिवशी घातलेलं पांढरं धोतर. त्याने हे आधी कधी विचारलं नव्हतं.

आमच्या शेजारी एक आजी राहत, फिनिश वंशाच्या, नव्वदीच्या जवळ आलेल्या. त्यांचे आजोबा खाणीत होते. हॅनकॉकमध्ये फिन लोकांनी १८९६ मध्ये काढलेलं एक महाविद्यालय होतं. ते २०२३ मध्ये बंद पडलं, आणि त्याबद्दल बोलताना या आजींचा आवाज कापायचा. मुलं डेट्रॉइटला आणि मिनिआपोलिसला. “जुलैत येतात,” त्या म्हणाल्या. “मग घरात झोपायला जागा नसते.” मी त्यांना आमचा गणपती सांगितला. मुंबईहून चाकरमानी येतात, बंद घरं उघडतात, दहा दिवस वाडी भरते आणि मग पुन्हा कुलपं. त्यांनी पुन्हा पुन्हा विचारून ते नीट समजून घेतलं. त्या रोज सकाळी आपल्या दारापुढचा बर्फ स्वतः ओढायच्या, थोडा थोडा. मुलाने करून द्यायचं म्हटलं तर त्यांना चालायचं नाही. फेब्रुवारीत विद्यापीठात हिमोत्सव असतो, १९२२ पासून चालत आलेला. मुलं महिनाभर खपून बर्फाचे वाडे, पूल, जहाजं उभारतात आणि शेवटच्या रात्री जागून ती पुरी करतात. त्या रात्री आजी काठी टेकत आमच्याबरोबर आल्या. बर्फाच्या भिंतीला लावलेल्या दिव्यांसमोर चिनी, भारतीय, नायजेरियन, मिशिगनची पोरं बादल्यांनी पाणी ओतून बर्फ गुळगुळीत करत होती. आजींनी तिथल्या एका मुलीला भिंतीचा कोपरा कसा घासायचा ते दाखवलं. तांबं संपलं, कंपन्या गेल्या. खाणकाम शिकवायला १८८५ मध्ये काढलेली शाळा मात्र राहिली, आणि बर्फ राहिला. त्या दोघांवर हे गाव उभं आहे.

हिवाळे मात्र बदलताहेत, असं तिथली सगळी जुनी माणसं सांगतात. होटनहून ‘रेंजर तीन’ ही बोट सुपीरियरमधल्या आयल रॉयल बेटावर जाते. त्या बेटावर लांडगे आणि मूस नावाची मोठी हरणं यांचा अभ्यास १९५८ पासून अखंड चालू आहे. लांडगे तिथे गेले ते गोठलेल्या सरोवरावरून चालत. अलीकडे तसा बर्फाचा पूल क्वचित जुळतो, त्यामुळे नवं रक्त येईना, आणि बेटावर अखेर दोनच लांडगे उरले. २०१८ आणि २०१९ मध्ये माणसांनी नवे लांडगे नेऊन सोडले. आणि १७ जून २०१८ च्या पहाटे होटनवर काही तासांत सात इंचांच्या आसपास पाऊस कोसळला, रस्ते उखडून दरीत गेले. सात इंच म्हणजे आमच्या जुलैतला एखादा दिवस. पण तिथले नाले, तिथले उतार, तिथली घरं हळूहळू वितळणाऱ्या पाण्यासाठी बांधलेली आहेत, एकदम येणाऱ्या पाण्यासाठी नव्हेत.

मे अखेरीस सगळं हिरवं झालं, आठवडाभरात, डोळ्यांदेखत. जूनमध्ये रात्री पावणेदहापर्यंत उजेड. आम्ही ब्रॉकवे डोंगरावर गेलो. तो रस्ता १९३३ मध्ये, मंदीच्या काळात, बेकार खाणकामगारांना काम मिळावं म्हणून बांधला. वरून एका बाजूला कॉपर हार्बरचं चिमुकलं गाव, दुसऱ्या बाजूला जंगल, आणि समोर पाणी, क्षितिजापर्यंत. या सरोवरात आलेलं पाणी बाहेर पडायला सरासरी १९० वर्षं लागतात, असं मुलाने सांगितलं. मग सू सेंट मरी गावावरून ते ह्यूरॉन सरोवरात, ईरी सरोवरात, नायगाऱ्यावरून खाली, आणि शेवटी अटलांटिकमध्ये. म्हणजे इथलंही पाणी समुद्रातच जातं. पण कड्याखालच्या पहिल्या खाणीच्या काळात पडलेल्या बर्फाचं पाणी अजून या सरोवरात असू शकेल. मी खाली बघत राहिले. मला आईची वाटी आठवली, आणि मनात आलं की आमच्या पऱ्यावर दिवाळीनंतर वनराई बंधारे घालणारी पोरं खरं तर याच गोष्टीसाठी धडपडतात, पाण्याला थोडं थांबवायला.

शेवटी राहिली वाळू. द्वीपकल्पाच्या पूर्व किनाऱ्यावर गे नावाचं खेडं आहे. तिथे एक जुनं धुराडं उभं आहे आणि त्याच्यापुढे काळपट करड्या वाळूचं मैदान पसरलं आहे. झाड नाही, गवत अगदी तुरळक. ही समुद्राची वाळू नव्हे. १९०१ ते १९३२ या काळात इथल्या दोन गिरण्यांनी खाणीतला दगड कुटून तांबं काढलं आणि उरलेला चुरा, सव्वादोन कोटी टन, सरोवरात लोटला. तो एका जागी राहिला नाही. लाटा त्याला दक्षिणेकडे ढकलत आहेत, वर्षानुवर्षं, आणि तो बफेलो रीफ नावाच्या खडकाळ उथळ भागावर चढतो आहे. तिथे ट्राउट आणि व्हाइटफिश अंडी घालतात. चुऱ्यात अजून तांबं आहे, पिल्लांना ते सोसत नाही, आणि दगडांमधल्या ज्या फटींत अंडी राहायची त्या बुजत चालल्या आहेत. कीविनॉ उपसागराकाठच्या ओजिब्वे लोकांचा मासेमारीचा हक्क १८४२ च्या तहातही त्यांनी राखून ठेवला होता. तांबं गेलं, नफा गेला, माणसं गेली, आणि मागे राहिलेल्या वाळूपासून मासे वाचवण्यासाठी आज तेच लोक सरकारी खात्यांच्या बरोबरीने झगडताहेत. ड्रेजर लावून वाळू उपसण्याचं कामही झालं आहे. मी एक मूठ उचलली. टोकदार, घट्ट, बोटांना रुतणारी. जाताना लाटांचा आवाज सुंदर होता आणि मला राग आला होता.

माझ्या मुलाचा प्रबंध आता संपत आला आहे. अ‍ॅरिझोनातल्या एका तांब्याच्या खाणीतून त्याला बोलावणं होतं, पगार चांगला. त्याने नाही म्हटलं. गेच्या किनाऱ्यावरची वाळू दर हंगामात किती सरकते, पाण्याखाली तिचे थर कुठे किती जाड आहेत, हे मोजायच्या कामात त्याला दोन वर्षांची जागा मिळाली आहे. पैसे त्या मानाने बरेच कमी. घरी यावरून फोनवर वाद झाला. त्याच्या बाबांचं म्हणणं, कर्ज आधी फेडावं आणि बाकीचं नंतर बघावं, आणि त्यात खोटं काही नाही. मी मुलाच्या बाजूने बोलले. कर्जाचा हप्ता दोन वर्षं आम्ही दोघं मिळून भरू असं ठरलं आहे, आणि तो नोव्हेंबरात बर्फ पडायच्या आत पहिली मोजणी पुरी करायच्या मागे आहे.